मोकळी टाच

मला कुणीतरी सरळ उत्तर द्यावं, एवढीच माझी अपेक्षा होती. घरामागे टेकडी आहे, टेकडीवर जंगल आहे आणि डिसेंबरात पडलेला बर्फ तिथे बऱ्याच वर्षी एप्रिलपर्यंत टिकतो. या टेकडीवर स्की घालून चढायचं आणि स्की घालूनच उतरायचं, तर कुठल्या स्की घ्याव्यात? ऑफिसातल्या एकाने उलट विचारलं, "चढायचं जास्त की उतरायचं जास्त?" शेजारचे आजोबा म्हणाले, "बर्फ कसला?" जुन्या सामानाच्या दुकानातल्या मुलीने माझं वजन विचारलं. आणि ज्याच्या भरवशावर मी पन्नाशीत या फंदात पडले, तो माझा भाचा म्हणाला, "मावशी, ते डिपेंड्स गं."

मी व्हरमाँटमध्ये राहते, विनूस्की नदीच्या खोऱ्यात. उत्तरेला मॅन्सफील्ड हा १,३३९ मीटरचा राज्यातला सगळ्यात उंच डोंगर, दक्षिणेला कॅमल्स हंप. आमची टेकडी या दोघांच्या खिजगणतीतही नाही. मागच्या दारापासून माथ्यापर्यंत दीडशे मीटरचीसुद्धा चढण नाही. खाली हेमलॉकची गर्द झाडी, वर मेपल, बर्च आणि बीच. लिफ्ट नाही, आखलेली वाट नाही, फक्त कधीकाळी लाकडं ओढायला काढलेला एक रस्ता. अशा टेकड्या इथे शेकड्यांनी आहेत आणि हिवाळ्यात त्यांच्यावर काही लोक काठ्या टेकत हिंडताना दिसतात. त्यांच्या बुटाचा फक्त पुढचा भाग स्कीला अडकलेला असतो, टाच मोकळी. भाचा बर्लिंग्टनला शिकायला आला आणि दुसऱ्याच हिवाळ्यात त्यांच्यातला झाला.

सगळे उलट प्रश्न का विचारतात ते मला उशिरा समजलं. एका टोकाला ट्रॅकवरची स्की असते. साधारण पंचेचाळीस मिलिमीटर रुंद, वजनाला हलकी, मशीनने पाडून दिलेल्या दोन खोबणींतून सुळसुळत जाणारी. दुसऱ्या टोकाला लिफ्टने वर जाऊन खाली येणाऱ्यांची स्की. ती रुंद, जड, पोलादी कडांची आणि तिच्यावर बूट टाचेसकट जखडलेला. जंगलातल्या लहान टेकडीवर पहिली उतारावर वळत नाही आणि दुसरी सपाटीवर चालत नाही. मोठ्या डोंगरावर माणूस दोन तास चढतो आणि एकदा उतरतो, तिथे उतरायचं सामान परवडतं. आमच्या टेकडीवर दहा मिनिटं चढ, दोन मिनिटं उतार, मग ओढा, मग सपाटी, परत चढ. म्हणून मधलं काहीतरी लागतं, आणि मधलं म्हणजे किती मधलं यावर दोन माणसांचं एकमत होत नाही.

दुकानात कागदाची परीक्षा झाली. गुळगुळीत फरशीवर दोन्ही स्की ठेवायच्या, त्यांच्यावर उभं राहायचं आणि कुणीतरी पायाखालून कागद सरकवून बघायचा. अशा स्कीला मधोमध वरच्या बाजूला कमान असते. दोन्ही पायांवर सारखं वजन असताना कमानीखाली फट राहिली पाहिजे आणि कागद सुळकन सरकला पाहिजे. एका पायावर सगळं वजन टाकलं की कमान दबून कागद अडकला पाहिजे. चालण्याचं गणित यातच आहे. पाय मारताना मधला भाग बर्फाला घट्ट धरतो, घसरताना तो उचललेला राहतो. माझ्या पायाखालचा कागद दोन्ही वेळा अडकला. "म्हणजे ही मला चालणार नाही," मी म्हणाले. "नाही, ही अशीच हवी," मुलगी म्हणाली. कमान मऊ असेल तरच स्की वळणावर वाकते, कडक असेल तर सरळच पळते. जी परीक्षा नापास व्हायची असते ती घेतात कशाला, हे मी तिला विचारलं नाही. टोकाशी ९८, मध्ये ६९ आणि शेपटीकडे ८८ मिलिमीटरची ती जोडी घेऊन मी घरी आले.

तळाला मधल्या भागात खवले कोरलेले आहेत. ते पुढे सरकू देतात, मागे घसरू देत नाहीत. निदान तसा त्यांचा हेतू असतो. शेजारच्या आजोबांना खवल्यांचा तिटकारा. त्यांच्या गराजमध्ये मेणाच्या डब्या रांगेने मांडून ठेवल्या आहेत: कडाक्याच्या थंडीला हिरवं, त्याहून सौम्य थंडीला निळं, मग जांभळं, शून्याच्या आसपास लाल, आणि ओला होऊन पुन्हा गोठलेल्या बर्फाला क्लिस्टर नावाचा नळीतून येणारा चिकट गोळा, जो हाताचा पँटला आणि पँटचा गाडीच्या सीटला लागतो. सकाळी निळं लावून निघावं, दुपारी ऊन पडावं, की स्कीखाली बर्फाचे गोळे धरतात आणि आजोबा खरवडत बसतात. मला खवले बरे वाटले. ते जरा खरखर आवाज करतात आणि उतारावर वेग खातात. वेग खाल्लेला मला हवाच होता.

बाइंडिंग तीन खिळ्यांचं. बुटाला पुढे चपटी चोच आहे, तिच्या तळाला तीन भोकं. ती खिळ्यांवर बसवायची आणि वरून पट्टी दाबून खटका लावायचा. १९२७ साली ब्रूर विथ या नॉर्वेजियन माणसाने रोटेफेला नावाचं बाइंडिंग काढलं, त्याचीच ही वंशावळ. यात बिघडण्यासारखं काही नाही म्हणून लोक त्याचं कौतुक करतात. कौतुक करणाऱ्यांनी सांगायला हवं होतं की त्या तीन भोकांत बर्फ बसतो, दाबून बर्फाचा दगड होतो, आणि मग हातमोजे काढून काडीने एकेक भोक कोरावं लागतं. उणे पंधरा अंशांत, एका पायावर उभं राहून, झाडाला धरून. भाचा सोबत एक जुना स्क्रूड्रायव्हर ठेवतो.

चढणं मात्र मला जमलं आणि आवडलंही. काहीजण चढताना स्कीखाली एका दिशेच्या केसांची पट्टी चिकटवतात, ती मागे घसरू देत नाही. पण एवढ्या टेकडीसाठी ती लावाकाढायला कुणी थांबत नाही. सौम्य चढावर खवल्यांच्या जोरावर सरळ जायचं. चढ वाढला की पायांचे पुढे फताडे करून, दोन्ही स्कींच्या आतल्या कडा रोवत, मागे काट्यांची नक्षी उमटवत जायचं. त्याहून उभा असेल तर आडवं उभं राहून जिन्यासारखं एकेक पाऊल. आणि झाडांची फार गर्दी नसेल तर तिरकं जायचं, दिशा बदलायची, पुन्हा तिरकं. हे सगळं चवड्यावर चालतं. वजन टाचेवर गेलं की खवले सुटतात आणि माणूस मागे जातो. सह्याद्रीत भरपूर भटकलेल्या पायांना चढ नवा नव्हता.

उतार मात्र नवाच होता, आणि सह्याद्रीनेच मला दगा दिला. घसाऱ्यावरून उतरताना आपण मागे झुकतो, टाचा रोवतो, वेळ आली तर बसून घेतो. शरीराला भीती वाटली की ते हेच करतं. स्कीवर मागे झुकलं की पुढची टोकं हलकी होतात, कशालाच वळत नाहीत आणि दोन्ही पाय माणसाला मागे सोडून निघून जातात. बरं, पुढे झुकावं, तर टाच मोकळी. स्की एखाद्या मऊ ढिगात अचानक अडली की टाच उचलते, गुडघे पुढे जातात आणि त्यांच्या मागोमाग तोंड. टाच बांधलेल्या माणसाला निदान बुटाचा आधार असतो. मला पुढेही पडायची सोय होती आणि मागेही.

पडल्यावर उठणं हा स्वतंत्र विषय आहे. गुडघाभर बर्फात काठी टेकली की ती मुठीपर्यंत आत जाते. हात टेकला की हात जातो. प्रत्येक धडपडीने माणूस आणखी खोल. भाचा वरून ओरडत होता, "मावशी, काठ्यांची फुली कर! फुली!" दोन्ही काठ्या बर्फावर आडव्या, एकमेकींवर फुलीसारख्या ठेवायच्या आणि मधोमध हात दाबून उठायचं. त्याआधी उताणं लोळून, पाय वर करून, दोन्ही स्की उताराला आडव्या आणून ठेवायच्या, नाहीतर उभं राहिल्या क्षणी पुढचा प्रवास सुरू. मी उताणी पडून पाय हवेत धरले तेव्हा बाजूच्या बीचच्या रोपट्यावर तपकिरी, कागदासारखी पातळ पानं अजून तशीच लटकत होती. बीचची लहान झाडं पानं हिवाळाभर सोडत नाहीत. एवढ्या निवांतपणे हे निरीक्षण एरवी झालं नसतं.

"झाडांकडे बघू नकोस, झाडांमधल्या फटींकडे बघ," असं इथे प्रत्येकजण सांगतो. सल्ला खरा आहे, अपुरा आहे. फटीत हॉबलबुश असतं. या झुडपाच्या फांद्या खाली वाकतात, टेकतील तिथे मुळं धरतात आणि जमिनीवर कमानी तयार होतात. स्कीचं टोक त्या कमानीत गेलं की पुढचं काही माणसाच्या हातात नसतं. त्याचप्रमाणे काठीचा पट्टा मनगटात अडकवून झाडीत उतरायचं नाही, कारण काठीची चकती फांदीत अडकते, आपण पुढे जातो आणि खांदा मागे राहतो. ही दुसरी गोष्ट भाच्याने पट्टे माझ्या हातातून काढून घेऊनच सांगितली.

हॉबलबुशवर उपाय एकच, बर्फ. मॅन्सफील्डच्या माथ्याजवळ एक मोजपट्टी उभी केली आहे आणि १९५४ पासून तिथे बर्फाची खोली नोंदली जाते. उत्तर व्हरमाँटच्या स्कीवाल्यांचा ठोकताळा असा की त्या पट्टीवर चाळीस इंच भरल्याशिवाय जंगलात उतरायला जाऊ नये. चाळीस इंचांत झुडपं, ओंडके, दगडी बांध सगळं गाडलं जातं. आमची टेकडी त्या माथ्याच्या कितीतरी खाली, त्यामुळे तिथे चाळीस भरले तरी इथे निम्मेही असतील याची खात्री नाही. तरी भाचा रोज सकाळी तो आकडा बघतो, लोक शेअरबाजार बघतात तितक्या गंभीरपणे. बत्तीस असेल तर गप्प असतो.

आणि खोली झाली तरी बर्फाची जात वेगळीच निघते. जानेवारीत हटकून दोन दिवस ऊबदार येतात, पाऊस पडतो, मग पारा उणे वीसवर. वर पापुद्रा धरतो, आत पीठ. पापुद्रा माझं अर्धं वजन पेलतो. उभी राहिले की पेलला, पाय टाकला की मोडला. मोडला की स्की खाली जाते आणि वरच्या कवचाखाली अडकून राहते. वळवायची म्हटली तर नडगीने कवच फोडत वळवायची. मी विचारलं, "यावर कसं वळतात?" भाचा म्हणाला, "आज वळायचं नाही." तिरकं जायचं, थांबायचं, किक टर्न मारायचा, परत तिरकं. उताराला आडवं उभं राहायचं, खालचा पाय स्कीसकट उचलायचा, स्की शेपटीवर उभी करायची, हवेतच फिरवून उलट्या दिशेला ठेवायची, मग दुसरा पाय तिच्याशेजारी आणायचा. सांगायला एक वाक्य. करताना मधली एक अवस्था येते जेव्हा एक पाय कॅनडाकडे तोंड करून असतो आणि दुसरा मॅसॅच्युसेट्सकडे, आणि दोघांपैकी कुणीच माघार घेत नाही. त्या अवस्थेत मी बराच काळ काढला आहे.

तशी या दोन दिशांना जोडणारी वाटही आहे. १९८४ मध्ये तीन तरुणांनी आखलेली कॅटामाउंट ट्रेल मॅसॅच्युसेट्सच्या सीमेपासून कॅनडापर्यंत, जवळजवळ ३०० मैल, सबंध व्हरमाँटच्या लांबीतून जाते. झाडांवर निळे चौकट आकाराचे बिल्ले, त्यावर मांजरकुळातल्या पंजाचा ठसा. बराच भाग खासगी जमिनीवरून, मालकांच्या परवानगीने. आमच्या भागातला तुकडा त्या वाटेच्या पुस्तकात मध्यम अवघड म्हटलेला. तो मी केला, आणि मध्यम या शब्दावरचा माझा विश्वास उडाला. मात्र तिथेच पहिल्यांदा लक्षात आलं की दिवसाचा नऊ दशांश वेळ लोक चालतच असतात. हातभर खाली उतरतात, खूश होतात, पुन्हा चालतात. डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी दोनला परत फिरणारी माणसंही तिथे शहाणी समजली जातात.

टेलिमार्क वळणाचं प्रकरण मी मुद्दाम मागे ठेवलं. भाचा आणि आजोबा दोघंही त्या वळणाविषयी बोलताना आवाज बदलतात. आजोबांकडे अजून चामड्याचे बूट आहेत, घोट्यापर्यंतचे, आत कसलाही आधार नसलेले, आणि त्यांनी ते वळण त्यांतच घोटलं. नॉर्वेतल्या टेलेमार्क भागात, मॉर्गेदालला, १८२५ साली जन्मलेला सोंद्रे नॉरहाइम हा गरीब शेतकरी या प्रकाराचा जनक मानला जातो. त्याने झाडाच्या पिळलेल्या मुळ्या टाचेमागून बांधून स्कीवर ताबा आणला, १८६८ मध्ये क्रिस्टियानियाला, म्हणजे आजच्या ऑस्लोला, स्पर्धेत भल्याभल्यांना मागे टाकलं, आणि १८८४ मध्ये अमेरिका गाठली. तो वारला १८९७ मध्ये, नॉर्थ डाकोटाच्या सपाट माळावर. उतारासाठी नाव कमावलेल्या माणसाने राहायला हे ठिकाण निवडावं, याचं मला अजून नवल वाटतं. पुढे टाच बांधायची पद्धत आली आणि हे वळण बाजूला पडलं. १९७० च्या दशकात कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूटच्या मंडळींनी ते पुन्हा उकरून काढलं.

डावीकडे वळायचं असेल तर उजवी स्की पुढे सरकते, डावा पाय मागे जातो, डावा गुडघा वाकतो, टाच उचलते, आणि लांबून बघणाऱ्याला माणूस नमस्कार करत उतरतोय असं वाटतं. मला ते सुरुवातीला निव्वळ मिरवणं वाटलं. झाडीत मी पाहिलेली बहुतेक माणसं स्कींची टोकं जवळ आणून ब्रेक लावत, पाऊल उचलून बाजूला ठेवत, कधी चक्क झाडाला मिठी मारत उतरतात. हे मी भाच्याला ऐकवलं तेव्हा तो दुखावला. मग त्याने मला ढिगाळ बर्फात एकदा दोन्ही पाय बरोबर ठेवून आणि एकदा एक पुढे एक मागे ठेवून सरळ सोडलं. पहिल्या वेळी तोंडावर. दुसऱ्या वेळी उभी. पाय पुढेमागे पसरले की उभं राहायची जागा लांब होते. पुढची स्की अडली तरी माणूस तिच्यावरून उडत नाही. टाच मोकळी ठेवलेली असते ती चढण्यासाठी. उतरताना तिची किंमत द्यावी लागते आणि टेलिमार्क ही ती किंमत कमी करायची युक्ती आहे. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला नमस्कार म्हटलं नसतं.

अडचण मागच्या पायाची. तो मागे नेला की त्याच्यावरचं वजन आपोआप निघून जातं आणि तो नुसता ओढला जातो. भाचा पुन्हा पुन्हा सांगायचा, "मागच्या पायाच्या करंगळीने बर्फ दाब." दोन मोजे, एक बूट, आत गारठलेली करंगळी, तिला निरोप पोचवायचा कसा! शेवटी मी स्वयंपाकघरात, ओट्याला धरून, पोळ्या लाटायच्या आधी पाय पुढेमागे करून वाकायला लागले. मांड्या भरून आल्या. नवऱ्याने काही विचारलं नाही.

मार्चमध्ये बर्फ बदलला. रात्री शून्याखाली, दिवसा वर. याच हवेत पृष्ठभागाचे साबुदाण्याएवढे दाणे होतात, सकाळी दहा-अकराच्या सुमारास त्यांचा वरचा थर सैल पडतो आणि स्की हवी तशी वळते. आणि याच हवेत मेपलच्या झाडांतून रस वाहायला लागतो. खोडाला भोक पाडून बादली टांगायचे दिवस आता फारसे उरले नाहीत. झाडाझाडांमधून निळ्या प्लास्टिकच्या नळ्या ताणलेल्या असतात, छातीच्या उंचीवर, आणि पंपाने रस खालच्या टाकीकडे ओढला जातो. साधारण चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक मिळतो, त्यामुळे एखादी नळी सुटली तर मालकाला ते सोसत नाही. आमच्या टेकडीची वरची बाजू अशा एका शेजाऱ्याची. त्याची आम्हाला ये-जा करायला परवानगी होती.

नेमकं तिथेच, विरळ मेपलांमध्ये, माझी वळणं लागली. एक डावीकडे, एक उजवीकडे. करंगळीला निरोप पोचला असावा. तिसऱ्याला समोर निळी रेघ दिसली आणि मी ठरवून बाजूला लोळले. नळी माझ्या टोपीपासून वीतभर वर होती. एवढ्यात मालकच खालून येताना दिसला, पायात स्नोशूज, कमरेला नळ्या जोडायची पक्कड. तो सरळ नळीकडे गेला. दोन्ही बाजूंना हात फिरवून बघितला, कान लावून हवा गळतेय का ऐकलं, मान हलवली, आणि मग मला विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना?"

मी ठीक असल्याचं सांगितलं. तो भाच्याकडे वळून म्हणाला की पूर्वेच्या बाजूला नळ्या नाहीत, तिथे खुशाल जा. उतार जरा जास्त आहे एवढंच.

भाचा माझ्याकडे बघत नव्हता. तो पूर्वेकडे बघत होता.

"मावशी," तो म्हणाला, "अकराच वाजलेत."